टीबी नाही, मग काय? आतड्याच्या एका आजाराला नाव मिळवून देणारे डॉ. बरिल क्रोन

धाराशिव जिल्ह्यातलं कुठलंही गाव डोळ्यासमोर आणा. तुळजापूर तालुक्यातलं घ्या, नाहीतर कळंबचं. घरात दहा-अकरा वर्षांचा मुलगा आहे. सहा महिन्यांपासून पोटात दुखतंय म्हणतो. जंताचं औषध देऊन झालं. आजीने दृष्ट काढून झाली. गॅसच्या गोळ्याही झाल्या. जुलाब थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावतात, तिथे हा मुलगा दोन वर्षांत मागून पुढे सरकत आलाय. बाकीची पोरं वाढली, हा तेवढाच राहिला. घरचे म्हणतात, खाल्लेलं अंगीच लागत नाही.

शेवटी सोलापूर नाहीतर लातूरला नेतात. तपासणीत आतड्याला सूज दिसते. डॉक्टर दोन शक्यता सांगतात. एक आतड्याचा टीबी, दुसरी क्रोन्स.

टीबी सगळ्यांना माहीत असतो. क्रोन्स हा शब्द घरात पहिल्यांदाच ऐकलेला असतो.

हे चित्र कुण्या एका घरातलं नाही. पण लहान मुलांमधला क्रोन्स आपल्याकडे बऱ्याचदा असाच, उशिरा आणि टीबीच्या सावलीत समोर येतो. क्रोन हे एका डॉक्टरांचं आडनाव आहे. टीबी की दुसरं काही, या प्रश्नाशीच त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम जोडलेलं आहे. म्हणून आज त्यांची गोष्ट.

वडिलांचं पोट आणि मुलाचं करिअर

बरिल बर्नार्ड क्रोन यांचा जन्म १३ जून १८८४ चा, न्यूयॉर्कमधला. ज्यू कुटुंब. घरात बारा भावंडं. रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू शोधून काढला तो १८८२ मध्ये, म्हणजे क्रोन जन्मले तेव्हा या शोधाला जेमतेम दोन वर्षं झाली होती.

वडिलांना अपचनाचा भयंकर त्रास होता. कायम पोट धरून बसलेला बाप मुलाने लहानपणापासून पाहिला. पुढे आपण पोटाच्या विकारांकडे वळलो ते वडिलांच्या या दुखण्यामुळेच, असं क्रोन सांगत.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिक्षण झालं. १९०७ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडले. त्यांच्याबद्दल एक किस्सा सांगितला जातो. वैद्यकीय पदवीसोबत केलेल्या संशोधनावर त्यांना आणखी एक पदवी मिळणार होती. पण तिची फी पस्तीस डॉलर होती. एवढ्या मोठ्या घराचा खर्च ओढणाऱ्या वडिलांकडे ते पैसे मागायला नकोत, म्हणून त्यांनी ती पदवी घेतलीच नाही.

पुढे ते न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांचं जवळपास सगळं आयुष्य याच रुग्णालयाशी बांधलं गेलं.

तेव्हा पोटात दुर्बीण घालून सहज आत बघता येत नव्हतं. सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हतं. नळी टाकून पोटातला रस काढायचा आणि तो प्रयोगशाळेत तपासायचा, असं काम चाले. क्रोन यांनी सुरुवातीची वर्षं अशाच कामात घालवली. १९२० मध्ये रुग्णालयाने पोटविकारांचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग काढला आणि त्याची जबाबदारी त्यांच्यावर दिली. १९२५ मध्ये एका सहकाऱ्यासोबत त्यांनी मोठ्या आतड्याच्या जुनाट सुजेतून पुढे कर्करोग होऊ शकतो, हे दाखवणारा रुग्ण नोंदवला. म्हणजे नाव होण्याच्या आधीपासूनच हा माणूस आतड्याच्या सुजेमागे लागलेला होता.

आतडं सुजलं की टीबीच

त्या काळात लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सूज, गाठ, जखमा दिसल्या की निदान जवळपास ठरलेलं असायचं. आतड्याचा टीबी.

त्यात चूक काहीच नव्हती. टीबी घराघरांत होता. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं ती जागा, म्हणजे पोटाचा उजवा खालचा कोपरा, टीबीला फार आवडते. अपेंडिक्सही तिथेच असतं. त्यामुळे असा रुग्ण आला की टीबी, अपेंडिक्स किंवा कर्करोगाची गाठ, या तीन खणांपैकी एकात त्याला बसवलं जायचं.

पण काही रुग्ण कुठल्याच खणात बसत नव्हते. बहुतेक जण तरुण. महिनोन् महिने पोटदुखी, जुलाब, बारीक ताप, घटत चाललेलं वजन. पोट उघडलं तर आतड्याची भिंत जाड आणि कडक झालेली. पण टीबीचा जंतू काही केल्या सापडायचा नाही, आणि छातीतही टीबीची खूण नसायची.

चौदा रुग्ण, तीन नावं

माउंट सिनाईमध्ये डॉ. ए. ए. बर्ग नावाचे नामांकित सर्जन होते. असे रुग्ण त्यांच्याकडे ऑपरेशनला यायचे. त्यांनी कापून काढलेल्या आतड्यांचे तुकडे रुग्णालयात जपून ठेवलेले होते. लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर हे दोन तरुण सर्जन १९२० च्या दशकाच्या मधल्या वर्षांपासून या तुकड्यांचा अभ्यास करत होते. आपल्याला माहीत असलेल्या आजारांत न बसणारे नमुने ते बाजूला काढत होते.

इकडे क्रोन यांच्याकडेही असेच दोन रुग्ण होते. त्यांची ऑपरेशनं बर्ग यांनीच केली होती. दोन्हीकडचं काम एकत्र आलं आणि एकूण चौदा रुग्ण झाले. सगळ्यात लहान सतरा वर्षांचा, सगळ्यात मोठा बावन्न वर्षांचा. चाळिशी ओलांडलेले फक्त दोघं.

मग नकाराचं काम सुरू झालं. टीबी आहे का? जंतू शोधले, वाढवून पाहिले, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना टोचून पाहिले. नाही. कर्करोग? नाही. इतर माहीत असलेले संसर्ग? नाही. एकेक शक्यता खोडत गेल्यावर जे उरलं, तो वेगळा आजार होता.

मे १९३२ मध्ये हे काम अमेरिकी डॉक्टरांच्या परिषदेत मांडलं गेलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या संघटनेच्या मासिकात छापून आलं. आधी या आजाराला टर्मिनल आयलायटिस म्हणायचं ठरत होतं, कारण तो आयलियम या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतो. पण टर्मिनल म्हणजे मरणाच्या दारातला, असा अर्थ रुग्ण घेतील, अशी शंका निघाली. म्हणून नाव बदलून रिजनल आयलायटिस केलं. आतड्याच्या ठरावीक पट्ट्यातली सूज, एवढाच त्याचा अर्थ.

मग त्याला क्रोन्स का म्हणतात? तर मासिकाच्या पद्धतीप्रमाणे लेखकांची नावं इंग्रजी अक्षरक्रमाने छापली गेली. क्रोन, गिन्झबर्ग, ओपनहायमर. बर्ग यांनी आपण लेख लिहिलेला नाही, असं सांगून नाव घालू दिलं नाही. नाहीतर क्रमाप्रमाणे पहिलं नाव बर्ग यांचं आलं असतं आणि आज सोलापूरच्या डॉक्टरांनी बर्ग्स डिसीज म्हटलं असतं! चौदापैकी बारा रुग्णांचा अभ्यास केलेल्या गिन्झबर्ग यांच्या मनात याची सल पुढे कायम राहिली. क्रोन स्वतः आजाराला आपलं नाव लावण्यापेक्षा रिजनल आयलायटिस हेच नाव पसंत करायचे, असं सांगतात. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आधीही कुणी पाहिलं होतं

क्रोन पहिले नव्हते. पोलंडचे सर्जन अँथनी लेश्नोव्स्की यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच असे रुग्ण नोंदवले होते. पोलंडमध्ये आजही या आजाराला दोघांचं जोडनाव आहे. १९१३ मध्ये स्कॉटलंडचे सर्जन केनेडी डॅलझिएल यांनीही असेच रुग्ण मांडले. आतड्यांची अवस्था पाहून त्यांना गुरांमधला योनीज नावाचा आजार आठवला. या आजारात जनावर खातं, पण सतत पातळ शेण टाकतं आणि खंगत जातं. तो शेळ्यांनाही होतो, त्यामुळे उस्मानाबादी शेळ्या पाळणाऱ्यांच्या कानावर हे नाव आलेलं असू शकतं. त्या जंतूचा माणसातल्या क्रोन्सशी संबंध आहे का, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे आणि तो संबंध सिद्ध झालेला नाही. त्यामुळे शेळ्यांना घाबरायचं कारण नाही.

मग क्रोन आणि सहकाऱ्यांचं वेगळेपण काय? त्यांनी लक्षणं, एक्स-रे, आतड्याचा नमुना आणि टीबी नसल्याचा पुरावा, हे सगळं एकाच ठिकाणी आणलं. त्यामुळे दुसऱ्या गावातला डॉक्टरही तो आजार ओळखू शकला.

जिथे क्रोन चुकले

१९३२ मध्ये क्रोन आणि सहकाऱ्यांना वाटलं होतं की हा आजार फक्त लहान आतड्याच्या टोकाला होतो आणि तेवढा भाग कापून टाकला की रुग्ण बरा.

दोन्ही समज खोटे ठरले. ऑपरेशन झालेले रुग्ण काही वर्षांनी परत येऊ लागले. जिथे आतडं जोडलं होतं, तिथेच पुन्हा सूज. पुढे मोठ्या आतड्यातही हाच आजार असतो, हे १९६० च्या सुमारास लंडनच्या डॉक्टरांनी ठामपणे दाखवलं. आज आपल्याला माहीत आहे की क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. मधला भाग चांगला आणि आजूबाजूचा खराब, असा तो ठिगळाठिगळाने पसरतो आणि भिंतीच्या आरपार जातो. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. त्यामागे अनुवंशिकता, आतड्यातले जंतू आणि बदललेलं राहणीमान अशी अनेक कारणं एकत्र असतात.

क्रोन यांनी रुग्णांना सोडलं नाही. परत येणाऱ्यांच्या नोंदी ते ठेवत राहिले आणि १९४९ मध्ये त्यांनी या आजारावर अख्खं पुस्तक लिहिलं.

१९५६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना याच आजारामुळे आतड्याला अडथळा आला आणि जूनमध्ये त्यांचं ऑपरेशन करावं लागलं. निवडणूक तोंडावर होती. डॉक्टरांपुरता असलेला शब्द रातोरात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. आयझेनहॉवर बरे झाले आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडूनही आले.

तोच प्रश्न, आता धाराशिवमध्ये

अमेरिकेत टीबी कमी झाला आणि तिथला हा गोंधळ मागे पडला. भारतात तसं झालं नाही. जगातल्या टीबीच्या एकूण रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. क्रोन्स म्हणजे पाश्चात्त्यांचा आजार, असं इथे बराच काळ मानलं गेलं. आता तो आपल्याकडेही वाढतोय, आणि साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांमध्ये आतड्याच्या अशा सुजेचे आजार विशीच्या आतच सुरू होतात.

म्हणजे १९३२ मध्ये माउंट सिनाईच्या डॉक्टरांसमोर जो पेच होता, तोच आज मराठवाड्यातल्या डॉक्टरांसमोर आहे. चुकीची किंमत दोन्ही बाजूंनी मोठी आहे. क्रोन्स असताना टीबीचीच औषधं चालू राहिली, तर महिने वाया जातात, आतडं आकसतं आणि मुलाची वाढ थांबते. उलट टीबी असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, तर टीबी अंगभर पसरू शकतो आणि जिवावर बेततं.

मग डॉक्टर ठरवतात कसं? रक्तात हिमोग्लोबिन, प्रथिनं आणि सूज दाखवणाऱ्या तपासण्या होतात. शौचाच्या नमुन्यात कॅलप्रोटेक्टिन मोजतात. ते वाढलेलं असेल तर आतड्यात सूज आहे हे कळतं, पण ती कशाची हे कळत नाही. पक्क्या निदानासाठी मुलाला भूल देऊन वरून आणि खालून, दोन्हीकडून दुर्बीण घालून पाहावं लागतं आणि अनेक ठिकाणचे तुकडे घ्यावे लागतात. लहान आतड्याचा दुर्बीण न पोहोचणारा भाग एमआरआयमध्ये दिसतो. तुकड्यांवर सीबीनॅटसारखी टीबीची तपासणी होते. मात्र आतड्याच्या टीबीत ही तपासणी अनेकदा निगेटिव्ह येते, म्हणून तेवढ्यावर टीबी नाही असं ठरवता येत नाही.

तरीही स्पष्ट झालं नाही, तर डॉक्टर आधी टीबीची औषधं सुरू करतात. इथेच घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची. या औषधांनी क्रोन्सच्या रुग्णालाही थोडे दिवस बरं वाटू शकतं. म्हणून साधारण दोन महिन्यांनी पुन्हा तपासून आतड्यातल्या जखमा भरल्या का, हे पाहिलं जातं. भरत असतील तर टीबी समजून कोर्स पूर्ण करायचा. भरत नसतील तर निदानाचा पुन्हा विचार करायचा. बरं वाटतंय म्हणून ही फेरतपासणी चुकवली, की सगळा घोळ होतो. ऊसतोडीला कारखान्यावर गेलेल्या कुटुंबांसाठी तर हे फारच अवघड असतं. हंगाम संपेपर्यंत परत येणं होत नाही.

मुलांमध्ये काय बघायचं?

क्रोन यांच्या पहिल्या चौदांमध्ये लहान मूल एकही नव्हतं. मुलांमध्ये हा आजार वेगळा चेहरा घेऊन येतो. कधीकधी जुलाब नसतातच. फक्त उंची थांबते, वजन वाढत नाही, वयात यायला उशीर होतो. सोबत अशक्तपणा, पुन्हा पुन्हा येणारा बारीक ताप, तोंडात फोड, सांधेदुखी असू शकते. शौचातून रक्त जातं. गुदद्वाराजवळ गळू किंवा भगंदर होतं, त्याला मूळव्याध समजून भलतेच इलाज होतात. रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा जुलाब हीही धोक्याची खूण आहे.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. अंगणवाडीतला वजनकाटा, शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आणि भिंतीवर पेन्सिलने केलेली उंचीची खूण, एवढ्यावर पहिली शंका येऊ शकते. एखाद्या मुलाची खूण वर्षभर तिथेच असेल आणि पोटाची तक्रार असेल, तर जंताचं औषध पुन्हा देण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. धाराशिवला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. टीबीच्या तपासण्या सरकारी यंत्रणेत मोफत होतात. मुलांच्या पोटविकारांचे खास तज्ज्ञ मात्र प्रामुख्याने पुणे, मुंबई, हैदराबादसारख्या शहरांत आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

उपचार: औषधाआधी दूध

क्रोन यांच्या काळात मुख्य इलाज होता सुरी. आज मुलांमध्ये पहिली पसंती असते ती एका खास आहाराला. सहा ते आठ आठवडे नेहमीचं जेवण पूर्ण बंद, आणि सगळं पोषण असलेलं तयार दुधासारखं पातळ अन्न. तोंडाने जात नसेल तर नाकातून नळीने. भाकरी नाही, शेंगदाण्याची चटणी नाही, काहीच नाही. आज्यांना वाटतं लेकराला उपाशी ठेवलंय. पण योग्य मुलांमध्ये यामुळे स्टेरॉइडशिवाय सूज उतरते, जखमा भरतात आणि वजन वाढायला लागतं. हा आहार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचा, घरी दुधावर ठेवून नाही.

स्टेरॉइड लवकर गुण देतं, पण जास्त दिवस दिलं तर मुलाची वाढ खुंटवतं. सूज उतरल्यावर ती परत येऊ नये म्हणून अॅझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट अशी औषधं असतात. आजार तीव्र असेल, भगंदर असेल, तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा अॅडालिमुमॅबची इंजेक्शनं. इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत मोठ्यांसाठी १९९८ मध्ये आणि मुलांसाठी २००६ मध्ये मान्यता मिळाली. ही इंजेक्शनं देण्याआधी अंगात लपलेला टीबी नाही ना, हे तपासावंच लागतं. म्हणजे फिरून पुन्हा टीबी! ऑपरेशन लागतं, पण आतडं आकसलं किंवा औषधांनी भागत नसेल तेव्हा.

आजार मुळापासून जात नाही. तो शांत ठेवता येतो. वेळेत सापडलेलं मूल शाळेत जातं, खेळतं आणि वाढतं. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत, हाच यातला सगळ्यात अवघड भाग.

नव्याण्णव वर्षांचा डॉक्टर

क्रोन यांनी न्यूयॉर्कमध्ये पन्नासहून अधिक वर्षं रुग्ण तपासले. फावल्या वेळात ते जलरंगात चित्रं काढायचे आणि अमेरिकेच्या यादवी युद्धाचा इतिहास वाचायचे. २९ जुलै १९८३ रोजी, वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. क्रोन्सवरचं पहिलं जैविक इंजेक्शन बाजारात यायला तेव्हा अजून पंधरा वर्षं होती.

त्यांनी आजार बरा केला नाही. त्याचं कारणही त्यांना सापडलं नाही. पण सुजलेलं आतडं दिसल्यावर टीबीवर न थांबता पुढचा प्रश्न विचारायची सवय त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावली. प्रार्थनेच्या रांगेत पुढे सरकत आलेल्या त्या मुलासाठी कुणीतरी तो प्रश्न आजही विचारावा लागतो. तो आधी डॉक्टरांनीच विचारला पाहिजे असं नाही. उंचीची खूण पाहणारी आई, अंगणवाडीताई किंवा वर्गशिक्षकही तो विचारू शकतात.